संस्थापकांचा ब्रश

प्रतिष्ठित घरात रोग होत नाहीत. प्रतिष्ठित घरात हवा मानवत नाही, पाणी बाधतं, कशाची तरी ॲलर्जी येते किंवा नुसतं 'जरा बरं नसतं'. रोग शेजारच्या गल्लीत होतात. माणसांच्या बाबतीत हे जितकं खरं आहे, त्याहून मांजरांच्या बाबतीत अधिक खरं आहे. माणूस निदान तोंडानं बोलून स्वतःची अब्रू घालवू शकतो. मांजराला ती सोय नाही.

मार्जारमित्र मंडळ हे शहरातलं सर्वांत प्रतिष्ठित मंडळ होतं आणि त्यामुळे त्याच्या सभासदांच्या मांजरांना गजकर्ण होत नसे. वार्षिक अहवालात तसं स्पष्ट छापलेलं असे : सभासद एकशे बारा, मांजरं एकशे एकोणपन्नास, गजकर्ण शून्य. हे शून्य मंडळानं वर्षानुवर्षं टिकवलं होतं आणि ते टिकवण्यामागे मोठी शिस्त होती. प्रदर्शनाआधी प्रत्येक मांजराची आरोग्यतपासणी होई. दाखल्यात 'त्वचा' या शब्दापुढे दोनच पर्याय असत : 'उत्तम' आणि 'अत्युत्तम'. मांजर नीट बघून त्यांतल्या योग्य पर्यायावर खूण करणं हे आरोग्यचिटणिसांचं काम. (मागे एका चिटणिसांनी दोन्ही पर्याय खोडून समासात काहीतरी लिहिलं होतं. ते आता पक्षिमित्र मंडळात असतात.)

मंडळाची सर्वांत मोठी ठेव म्हणजे संस्थापकांचा ब्रश. संस्थापक आता हयात नव्हते, पण ज्या ब्रशानं ते आपल्या पहिल्या मांजराला, सोनपरीला, रोज विंचरत, तो काचेच्या पेटीत जपून ठेवला होता. लाकडी मूठ, राठ केस आणि मुठीच्या टोकाला सोनपरीच्या दातांच्या चार खुणा. प्रदर्शनाचं उद्घाटन फीत कापून होत नसे. एकेक मांजर रांगेनं पुढे येई आणि अध्यक्ष त्याच ब्रशाचे तीन हात तिच्या पाठीवरून फिरवत. ब्रश कधीच धुतलेला नव्हता. त्यात संस्थापकांच्या हाताचा स्पर्श होता आणि सोनपरीचे काही केसही होते. शिवाय त्यानंतर पाठ पुढे केलेल्या सगळ्या मांजरांचे होते, पण त्यांचा उल्लेख अहवालात नसे.

अध्यक्ष व्यवसायानं दंतवैद्य होते. त्यांच्या दवाखान्यात प्रत्येक चिमटा, प्रत्येक आरसा, प्रत्येक सुई वापरण्याआधी वाफेत उकळली जाई. ब्रशाची पेटी त्या उकळण्याच्या यंत्राशेजारीच, एका उंच फळीवर होती.

सध्याच्या आरोग्यचिटणीस म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी आयुष्यभर भूमिती शिकवली होती. सगळं मंडळ त्यांना चिटणीसबाई म्हणे, आणि घरात यजमानही, म्हणजे बाई रागावलेल्या नसतील तेव्हा. त्यांच्या मांजरीचं नाव कापशी. पांढरी, लांब केसांची. सोफ्यावरच्या मधल्या गादीची एकमेव मालकीण. यंदाच्या प्रदर्शनात तिला 'अत्युत्तम' मिळालं होतं. (खूण बाईंनीच केली होती, पण अगदी निःपक्षपातीपणे.)

प्रदर्शनानंतर तीनेक आठवड्यांनी एका सकाळी बाई तिच्या कानामागे कुरवाळत असताना बोटांना केस लागायचे एकदम थांबले. तिथे बटणाएवढी उघडी जागा होती. कडेला केस तुटल्यासारखे आखूड, मधे कोंड्यासारखे पापुद्रे. आणि आकार गोल. साधा गोल नव्हे. कंपासनं काढल्यासारखा, मध्यबिंदूपासून कुठेही मोजा, अंतर तेवढंच. अडतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला जमलं नाही, इतकं नेटकं वर्तुळ कापशीनं पहिल्या प्रयत्नात काढलं होतं.

"अहो, इकडे बघा जरा."

यजमानांचा फर्निचर पॉलिश करण्याचा धंदा होता, तो त्यांनी आता बंद केला होता. पण कोणतीही वस्तू उजेडात तिरकी धरून बघायची सवय राहिली होती. त्यांनी कापशीला तिरकं धरलं.

"टक्कल पडतंय," ते म्हणाले. "माझ्या घराण्यात आहे. तिच्या घराण्यात कुठून आलं?"

"पण इतकं गोल?"

"मग माझं काय चौकोनी आहे?"

कापशीला खाज सुटलेली दिसत नव्हती. ती जेवत होती, झोपत होती, दाराच्या फटीतून शेजाऱ्यांचा तिरस्कार करत होती. तेव्हा बाईंनी मनाशी ठरवलं, की ही ॲलर्जी आहे. चार दिवसांनी यजमान खाली वाकून चपला शोधत असताना त्यांच्या कॉलरच्या वर एक लालसर कडं दिसलं. कापशी दुपारी त्यांच्या मानेशीच झोपायची.

"तुमच्या मानेवर काय आहे ते?"

"वय," यजमान म्हणाले आणि कॉलर वर केली.

प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं. दोन माणसं आणि एक मांजर मिळून एखादी ॲलर्जी वर्षानुवर्षं सुखानं सांभाळू शकतात. पण बाईंना एक मुलगी होती आणि त्या मुलीला सहा महिन्यांची एक मुलगी होती. मुलीची रजा अडीच महिन्यांनी संपणार होती आणि त्यानंतर नात रोज सकाळी आजीकडे येणार, असं ठरलं होतं. आजीनं पाळणा आणून ठेवला होता. खुळखुळे ओळीनं मांडले होते. सकाळचा वेळ कसा घालवायचा, हा निवृत्तीपासून न सुटलेला प्रश्न सुटायच्या बेतात होता.

तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"आई, बाबांना काय झालंय?"

"काही नाही. का गं?"

"मघाशी फोनवर बोलत होते, तर मागे करकर करकर आवाज येत होता. मला वाटलं, लाकूड घासतायत. विचारलं, तर म्हणाले, मान खाजवतोय. आणि कापशीला काय झालंय?"

"तिला काय व्हायचंय?"

"आई, तू 'तिला काय व्हायचंय' असं म्हणालीस, म्हणजे काहीतरी झालंय. हे बघ, मी रागावत नाही. पण काही असेल तर आत्ता सांग. पाळणाघरात मी नाव घालून ठेवलंय. तू लपवलंस आणि बाळाच्या अंगावर काही उठलं, तर मग ती तिकडेच जाईल. कायमची."

बाईंनी फोन ठेवला आणि पाळण्याकडे पाहिलं. पाळण्यात कापशी झोपली होती.

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जाणं यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण आरोग्यचिटणिसांनी स्वतःची मांजर घेऊन जायचं, तेही प्रदर्शनाच्या तोंडावर नव्हे, तर नंतर, याचा अर्थ काढायला लोकांना वेळ लागला नसता. म्हणून बाईंनी भर दुपारची वेळ निवडली, टोपलीवर मोठा टॉवेल टाकला आणि उकाड्यात यजमानांना गळाबंद कोट घालून बरोबर घेतलं.

प्रतीक्षागृहात पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. आठ खुर्च्या होत्या. आठही भरलेल्या. प्रत्येकीवर मंडळाचा एकेक सभासद, प्रत्येकाच्या मांडीवर टॉवेल टाकलेली टोपली, आणि बाहेर जीव नकोसा करणारं ऊन असताना प्रत्येकाच्या अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे.

"अरे वा," बाई म्हणाल्या, कारण काहीतरी म्हणणं भाग होतं.

"नखं कापायला आणलंय," लाँड्रीवाले खजिनदार घाईघाईनं म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"आम्हीपण नखंच," गायनशिक्षिका म्हणाल्या. "हल्ली फार वाढतात नाही?"

"हवेमुळे," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

आठही जणांनी हवेला दोष दिला. शांततेत फक्त बाह्यांच्या आत चाललेल्या बोटांचा आवाज येत होता. खजिनदार ओणवे होऊन पायमोज्यात पेन्सिल घालून काही शोधत होते. गायनशिक्षिकांनी हनुवटीवर रुमाल धरला होता, तो खाली घेतला नाही. सगळे एकमेकांकडे इतक्या आपुलकीनं न बघता बसले होते, की मंडळात एवढी एकजूट बाईंनी कोणत्याही वार्षिक सभेत पाहिली नव्हती.

त्यांचा नंबर लागला. डॉक्टर मध्यमवयाचे, थकलेले, हातमोजे घातलेले. त्यांनी टॉवेल काढायच्या आधीच विचारलं, "नखं?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांना पाळणा आठवला. "कानामागे वर्तुळ आहे."

डॉक्टरांनी मान वर केली. सकाळपासून खरं बोललेल्या त्या पहिल्याच होत्या. (त्याआधीच्या सगळ्या मांजरांची नखं त्यांनी खरोखरच कापली होती. मागणी तशीच होती.)

त्यांनी दिवे मालवले आणि जांभळ्या उजेडाचा एक छोटा दिवा कापशीच्या कानाशी धरला. काहीच दिसलं नाही. यजमानांच्या कोटावर चिकटलेला एक दोरा मात्र निळसर चमकला.

"म्हणजे नाही ना काही?" बाईंनी आशेनं विचारलं.

"बुरशी लागलेला केस या उजेडात पोपटी चमकतो. पण प्रत्येक वेळी चमकेलच असं नाही. साधारण निम्म्या मांजरांतच. चमकला तर आहे म्हणायचं. नाही चमकला म्हणून नाही असं म्हणता येत नाही."

"मग कळणार कसं?"

डॉक्टरांनी एक नवा, कोरा दातांचा ब्रश काढला, कापशीच्या अंगावरून फिरवला आणि त्याचे केस एका काचेच्या ताटलीत टेकवले. बुरशी उगवून यायला दोन-तीन आठवडे लागतात, असं त्यांनी सांगितलं. ती उगवली. कापसासारखी पांढरी. कापशीचंच बाळ असल्यासारखी.

"गजकर्ण," दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले. "बुरशी असते ही. घाणेरड्या घरात होते वगैरे काही नाही. राजवाड्यातही होते. तोंडातून औषध द्यायचं. आठवड्यातून दोनदा गंधकाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, पाणी अंगावरच वाळू द्यायचं, ते पुसायचं नाही. वेगळ्या खोलीत ठेवायचं. तिचे गळलेले केस रोज गोळा करायचे, गाद्या-चादरी धुवायच्या, फरशी ब्लीचच्या पाण्यानं पुसायची. आणि डाग दिसेनासा झाला म्हणून औषध थांबवायचं नाही. ताटलीत काही उगवायचं बंद झालं, तेही लागोपाठ दोनदा, की मगच बरं झालं म्हणायचं."

"आणि माणसांचं?"

"माणसांच्या डॉक्टरांना दाखवा," ते यजमानांच्या कोटाकडे न बघता म्हणाले. "मलमानं जातं. फक्त लपवलं, की वाढतं. घरात लहान मूल आहे?"

"येणार आहे."

"मग आता एक विचारतो. दोन आठवड्यांत तुमच्या मंडळातली पंधरा-सोळा मांजरं माझ्याकडे आली. सगळ्यांना एकच वस्तू कुठे लागली का? पिंजरा? टॉवेल? ब्रश?"

बाईंना काचेची पेटी आठवली. यजमान मात्र लाकडाचे जाणकार. "जुनी मूठ आहे हो," ते म्हणाले. "सागवान नाही, पण चांगली आहे."

"तो ब्रश फेकून द्या. ही बुरशी केसांत दीड वर्ष जिवंत राहते."

बाईंनी मनातल्या मनात हिशोब केला. प्रदर्शन दर वर्षी असे.

त्या संध्याकाळी बाईंनी मुलीला सगळं सांगितलं. मुलगी रागावली नाही, पण तिनं अटी घातल्या. कापशीच्या दोन्ही तपासण्यांचा निकाल दाखवायचा. बाबांच्या मानेचा फोटो रोज पाठवायचा. "आणि ते आलं कुठून ते बंद झालं पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी परत हेच."

"मी प्रदर्शनाला जाणारच नाही."

"तू नाही गेलीस तरी ते सगळे तुझ्याकडे येतात, आई. दंतवैद्यकाका दर गुरुवारी त्या महाराणीला घेऊन सोफ्यावर बसतात. पाळणा सोफ्याच्या शेजारी आहे."

महाराणी ही अध्यक्षांची मांजर. मंडळात तिला सगळे खुर्ची देत.

उपचार सुरू झाले. गंधकाच्या पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि तो पडद्यांत, उशीत, भाजीत, सगळीकडे शिरतो. कापशी पिवळी पडली. अपमान तिच्या अंगावर वाळत असे. यजमान एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं तिला धरत. शेजारच्या वहिनींनी दारावर येऊन गॅस तर गळत नाही ना, असं विचारलं. "नाही, ॲलर्जी आहे," यजमान सवयीनं म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "गजकर्ण आहे," यजमानांनी दुरुस्ती केली. त्यानंतर वहिनी बरेच दिवस साखर मागायला आल्या नाहीत.

इकडे बाईंनी मंडळाच्या कार्यकारिणीची तातडीची बैठक मागितली. विषय : संस्थापकांचा ब्रश धुणे.

बैठक दंतवैद्यांच्या दवाखान्यात भरली. विषय वाचताच खजिनदारांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो," ते म्हणाले. "कपडा जितका धुवाल, तितका लवकर मरतो. मी लाँड्री चालवतो. माझ्यासमोर धुण्याच्या गोष्टी सांगू नका."

"बाई, तुमच्या भावना आम्ही समजतो," गायनशिक्षिका म्हणाल्या, "पण संस्थापकांनी तो कधी धुतला नाही. त्यांना कळत नसेल का?"

"त्यांच्याकडे एकच मांजर होती," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी नेहमीच्या संयमानं दोन्ही बाजू ऐकल्या. त्यांच्या हातात रबरी मोजे होते. रुग्ण नसतानाही ते हल्ली काढत नसत. मग त्यांनी तोडगा सुचवला. ब्रशाला मांजरांपासून संसर्ग होण्याचा धोका लक्षात घेता, यापुढे ब्रश लावण्याआधी प्रत्येक मांजर धुऊन आणावी. तोडगा सर्वांना पटला. आजवर ब्रश किती मांजरांच्या संपर्कात आला होता आणि तरीही त्यानं कधी तक्रार केली नव्हती, याबद्दल त्याच्या सहनशीलतेचं कौतुकही झालं.

तेव्हा बाईंनी पिशवीतून डॉक्टरांकडून मागून आणलेला दिवा काढला. "फक्त एक मिनिट अंधार करा," त्या म्हणाल्या. "मग तुम्हाला जे वाटेल ते ठरवा."

पडदे ओढले. काचेची पेटी उघडली. जांभळा उजेड ब्रशावर पडला आणि ब्रश पेटल्यासारखा झाला. प्रत्येक केस पोपटी. टोकापासून मुळापर्यंत, झाडावर काजवे बसावेत तसा. आजवर पाठ पुढे केलेली सगळी मांजरं एकदम तिथं येऊन बसली होती.

बाईंना वाटलं, आता काही सांगायची गरजच नाही.

"संस्थापक," गायनशिक्षिकांचा आवाज फुटला.

"काय?"

"त्यांचं तेज आहे हे. इतकी वर्षं आपल्याला दिसलं नाही."

खजिनदार उभे राहिले. त्यांच्या मागोमाग सगळे उभे राहिले. दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. (बाईही उभ्या राहिल्या. सगळे उभे असताना एकट्यानं बसून राहणं मंडळाच्या शिस्तीत बसत नाही.) पुढचे ठराव भराभर झाले. पहिला : पुढील प्रदर्शनाचं उद्घाटन अंधारात, ब्रशाच्या तेजानं होईल. दुसरा : हे तेज ज्यांच्यामुळे दिसलं, त्या आरोग्यचिटणिसांचा मंडळ गौरव करत आहे. तिसरा : गौरव म्हणून पुढचं वर्षभर ब्रश त्यांच्याच घरी राहील; तो मात्र कधीही धुतला जाणार नाही.

बाई काही बोलायच्या आत सगळी कार्यकारिणी ब्रश घेऊन त्यांच्या घराकडे निघाली. घरी आल्यावर खजिनदारांनी आजूबाजूला नजर फिरवली आणि पेटी ठेवायला सर्वांत मऊ, सर्वांत सुरक्षित जागा निवडली. पेटी पाळण्यात ठेवण्यात आली.

मंडळी गेल्यावर बाई बराच वेळ पाळण्यासमोर बसल्या. मुलीची रजा संपायला महिना उरला होता. ब्रश परत करता येत नव्हता, ठेवता येत नव्हता, धुवायचा नाही असा ठराव झालेला होता. भूमितीत अशा वेळी आधी गृहीत धरलेलं तपासून बघतात. बाईंनी एकच गोष्ट तपासली : ठराव मंडळाला लागू होता. बादलीला नव्हता.

त्यांनी हातमोजे घातले, बादलीत ब्लीच ओतलं आणि संस्थापकांचा ब्रश तळाशी दाबून धरला.

संध्याकाळपर्यंत ब्रशाचे सगळे केस सुटून पाण्यावर तरंगत होते. मूठ पांढरीफटक झाली होती आणि सोनपरीच्या दातांच्या चार खुणांच्या जागी आडवी भेग गेली होती.

"छान झालं," यजमान म्हणाले. त्यांना हे मनापासून वाटत होतं. दुसऱ्या दिवशी बाजारातून ते तसाच एक ब्रश घेऊन आले. मूठ सँडपेपरनं घासली, कॉफीत रंगवली, वर जुनं मेण फिरवलं. त्या दोन तासांत होते इतके खूश ते गेल्या कित्येक महिन्यांत नव्हते. फक्त दातांच्या खुणा राहिल्या. कापशीसमोर मूठ धरली, तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. गंधकानंतर तिचा या घरातल्या कोणत्याही द्रवावर किंवा वस्तूवर विश्वास उरला नव्हता.

"मग?" बाईंनी विचारलं.

यजमानांनी ब्रश हातात घेतला, उजेडात तिरका धरला, खाली-वर बघितला. मग मूठ तोंडात घातली आणि ते चावले.

कापशीच्या दोन्ही ताटल्या कोऱ्या निघाल्या. यजमानांची मान गेल्या वीस वर्षांत नव्हती इतकी स्वच्छ झाली. ठरल्या दिवशी नात आली, पाळण्यात झोपली आणि तिनं आजीची सगळी सकाळ घेऊन टाकली. दुपारी मुलगी न्यायला यायची तेव्हा तिचे कपडे उलटेपालटे करून बघायची, मग आईच्या हातचं काहीतरी खायची. काही दिवसांनी उलटंपालटं करणं थांबलं, खाणं चालू राहिलं. मात्र बाईंना मधूनच जाग आल्यासारखं व्हायचं : नवा ब्रश चमकणार नाही. मंडळाला कळलं, की संस्थापक बादलीत गेले, तर आरोग्यचिटणिसांचं काय व्हायचं ते होवो, पण मंडळ दुसरा एखादा वंदनीय, कधीच न धुवायचा ब्रश काढील आणि तो महाराणीच्या पाठीवरून दर गुरुवारी सोफ्यावर येऊन बसेल.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. उद्घाटनाआधी ब्रश अध्यक्षांच्या हाती सोपवायचा होता. बाई आणि यजमान पेटी घेऊन मंचामागे गेले. अध्यक्षांनी ब्रश बाहेर काढला आणि मुठीच्या टोकाशी थांबले. ज्या माणसानं तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ लोकांच्या तोंडात बघितलं आहे, तो माणूस दातांच्या खुणांकडे बघत होता.

त्यांनी खुणा बघितल्या. मग यजमानांकडे बघितलं. परत खुणा बघितल्या.

"वरचा डावा सुळा तिरका आहे तुमचा," ते हळू आवाजात म्हणाले. "एकदा दवाखान्यात येऊन जा."

यजमानांनी तोंड घट्ट मिटलं. अध्यक्षांनी शांतपणे उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटावर काही नव्हतं. नुसतं निरोगी मनगट. "मागचं वर्षभर मी हातमोज्यांशिवाय जेवलो नाही," ते म्हणाले. "महाराणी आता बरी आहे. चला, उशीर होतोय."

सभागृहात अंधार करण्यात आला. सर्व सभासद मांजरं मांडीवर घेऊन उभे. जांभळा दिवा लागला, ब्रशावर धरला गेला. ब्रश दिसला. ब्रशासारखा दिसला. राठ केस, लाकडी मूठ, त्यापलीकडे काहीही नाही.

पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं.

"दिसतंय ना?" अध्यक्षांनी खणखणीत आवाजात विचारलं.

गायनशिक्षिका म्हणाल्या, "दिसतंय." खजिनदार म्हणाले, "मागच्यापेक्षा जास्त." मागच्या रांगेतल्या ज्यांना मुळात मंचच दिसत नव्हता, त्यांनी टाळ्या वाजवल्या. चिटणीसबाईंनाही विचारण्यात आलं. त्यांनी नातीचा विचार केला आणि भूमितीत कधीही मान्य केली नसती अशी गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "स्पष्ट दिसतंय."

त्या वर्षीच्या अहवालात नेहमीप्रमाणे 'गजकर्ण शून्य' छापलं गेलं. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच ते खरं होतं (वर्षभरात बाकीच्या सभासदांनीही आपापली मांजरं गुपचूप बरी करून घेतली होती), पण त्यामुळे छपाईत काही फरक पडला नाही. श्रेय ब्रशाच्या तेजाला देण्यात आलं. ब्रश कधीही न धुण्याचा आणि तो बाईंच्याच घरी ठेवण्याचा ठराव एकमतानं पुन्हा संमत झाला; दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाई तो ब्लीचमध्ये बुडवतात आणि खुणा बुजल्या, की यजमान पुन्हा चावतात. सुळा त्यांनी मुद्दामच सरळ करून घेतलेला नाही.

आता वाचक या मंडळींना हसले असतील, तर त्यात गैर काही नाही. फक्त उठून एकदा न्हाणीघरातल्या आरशापाशी जावं. तिथं एक कंगवा असेल. घरातले सगळे तोच वापरत असतील, पाहुणेही. तो शेवटचा कधी धुतला होता, हे सावकाश आठवावं. घाई नाही, दीड वर्षाची मुदत आहे. नाहीच आठवलं, तर हवा बदलली आहे असं समजावं आणि पूर्ण बाह्यांचे कपडे बाहेर काढावेत.